बटणांचे मासे

"इथवर येईपर्यंत सगळं गार होतं. मीठसुद्धा वाटेतच कुठेतरी उतरत असावं."

अण्णा हे कुणाला उद्देशून बोलले नव्हते. खोलीत ते एकटेच होते, समोर स्टुलावर ताट होतं, आणि ताट उलट बोलत नाही एवढाच त्या व्यवस्थेचा फायदा होता. पण पडद्याच्या पलीकडे पाण्याचा जग घेऊन सूनबाई उभ्या होत्या. ज्याने ऐकू नये त्याच्याच कानावर नेमकं पडायचं ही या घराची जुनी शिस्त. त्यांनी सगळं ऐकलं, आणि जग घेऊन तशाच परत फिरल्या.

गार होणारच होतं. स्वयंपाकघरातून अण्णांच्या खोलीत जायचं तर मधे जेवणाचं टेबल लागे. ज्यावर जेवायचं, त्याच टेबलाला वळसा घालून सासऱ्यांचं ताट आत पोचवायचं, म्हणजे स्टेशनवर उतरून घरावरून पुढे जायचं आणि मुक्काम हॉटेलात करायचा, असला प्रकार. पण अण्णा टेबलावर यायला तयार नव्हते, आणि त्याचं कारण सूनबाईंना पक्कं ठाऊक होतं. कारण त्या स्वतःच होत्या.

अण्णा भूमितीचे मास्तर. निवृत्त होऊन जमाना लोटला तरी टक्कल पडलेले गृहस्थ रस्त्यात त्यांना पाहून सिगारेट पाठीमागे लपवत. शाळेत त्यांचं टोपणनाव 'काटकोन' होतं. ते त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. भिंतीवरचं कॅलेंडर जरा कललं तर हातातला घास ठेवून उठणारा हा माणूस. त्यांनी आयुष्यात स्वतःच्या हातांनी एकच वस्तू बनवली होती: हे टेबल. लग्न झाल्यावर, बायकोसाठी, आणि 'कुणाचीही मदत न घेता'. हे शेवटचे शब्द टेबलाच्या पायांसारखे टेबलाला कायमचे जोडलेले होते.

या टेबलाची एक गोष्ट घरात कुणी बोलत नसे. मग आपणच ती कशाला बोला? फक्त एवढं सांगायला हरकत नाही, की त्यावर वाटाणे सोलायला बसलं तर वाटाणे आपणहून एका कोपऱ्याकडे जमत. पाणी सांडलं तर तेही तिकडेच जाई. सासूबाई हयात होत्या तोवर त्या कोपऱ्यात एक घडी घातलेलं फडकं ठेवत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. एकदा सूनबाईंच्या नवऱ्याने त्या बाजूच्या पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला होता. अण्णांनी तो दोन बोटांत धरून उचलला, "घरात कचरा फार झालाय," म्हणाले, आणि केरात टाकला. तेव्हापासून तो विषय केरातच होता. पुढे नणंदेचं लग्न झालं आणि त्या कोपऱ्यातली खुर्ची जावईबापूंची मानाची जागा ठरली. जावईबापू फार समंजस. ते सासुरवाडीला नेहमी गडद रंगाची पँट घालून येत.

तर, अशा या टेबलावर सूनबाईंनी तापलेली इस्त्री ठेवली. मिनिटभरच ठेवणार होत्या. पण फोन वाजला, आणि फोन समोरच्या काकूंचा होता, म्हणजे मिनिटभराचा नव्हता. परत येऊन पाहतात तो मधोमध इस्त्रीच्या आकाराचा काळाकुट्ट, टोकदार डाग.

अण्णांनी डाग पाहिला. त्यावरून एकदा बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी सुतार बोलावला. सुताराने डागावर नख ओढून पाहिलं, मग सवयीने पिशवीतून गुण्या काढला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी. तो त्याने टेबलाच्या कोपऱ्याला लावला. थांबला. गुण्यातच काही खोट आहे का म्हणून तो उलटा करून लावला. मग त्याने खुर्चीत बसलेल्या अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि सुताराने गुण्या हळूच पिशवीत ठेवला.

"लाकूड फार छान आहे," तो म्हणाला, आणि चहासुद्धा न घेता गेला.

त्याच दुपारपासून अण्णांचं ताट आत जाऊ लागलं.

"डाग मनाला लागला त्यांच्या," नवरा म्हणाला. नणंद फोनवर तेच म्हणाली. समोरच्या काकूंनी तर हे सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. त्यांनी टूथपेस्ट, अक्रोड, सिगारेटची राख आणि शेवटी जाडसा टेबलक्लॉथ असे उपायही सुचवले. टूथपेस्टने डाग पांढरा झाला, अक्रोडाने तेलकट झाला, राखेने होता त्याहून प्रशस्त झाला.

"वहिनी, मी एक काचेचं टेबल पसंत केलंय," नणंदेने जाहीर केलं. "अण्णांच्या वाढदिवसालाच येईल. तेच लोक जुनं घेऊन जातील. काच कशी, पुसली की झालं. उद्या तू इस्त्री ठेवलीस तरी..."

"मी काही रोज इस्त्री ठेवत नाही गं."

"तसं नाही म्हणायचं मला."

तसंच म्हणायचं होतं. पण सूनबाईंना टोमण्यापेक्षा दुसरंच काहीतरी टोचलं. हे टेबल गेलं की अण्णा त्या खोलीतून जेवायला कधीच बाहेर येणार नाहीत. काचेच्या टेबलाशी त्यांचा काय संबंध? ते स्टुलाशी बोलत बसतील, आणि ते बोलणं पडद्याआडून ऐकायचं सूनबाईंच्या नशिबी येईल.

दातांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट पाहताना एका जुन्या मासिकात त्यांना वाट दिसली. लाकडी पेटीचं चित्र होतं. पेटीवर शिंपल्याची फुलं होती, लाकडात कोरून अशी बसवलेली की ती लाकडातच उगवलीत असं वाटावं. जडावकाम. डाग खरवडायचा, तिथे खाच खोदायची, खाचेत शिंपला बसवायचा. सूनबाईंनी ते पान फाडून घेतलं. दवाखान्यातलं मासिक फाडायची त्यांची ही पहिलीच वेळ, पण दात काढून घेण्याच्या बदल्यात एवढं चालतं असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"मी टेबलावर जडावकाम करणार आहे," त्यांनी जेवताना सांगितलं.

नवऱ्याचं चावणं थांबलं. त्याची नजर कपाटावर गेली. कपाटावर एका बाहीचा स्वेटर होता, एक गिटार होतं, आणि जपानी भाषेच्या शिकवणीचं पुस्तक होतं, ज्यातून सूनबाई 'माफ करा' एवढंच बोलायला शिकल्या होत्या. घरात त्यांना लाडाने 'आरंभशूर' म्हणत. लाड कमी आणि आठवण जास्त.

"करच," तो शेवटी म्हणाला. "टेबल नाहीतरी जाणारच आहे."

आता हे उत्तेजन म्हणायचं की आणखी काही, यावर सूनबाईंनी दोन भांडी आपटून विचार केला, आणि शिंपल्याच्या चकत्या मागवल्या.

चकत्या आल्या, पण घरी नाही. पार्सल कार्यालयात अडकल्या. तिथले साहेब खिडकीमागे बसून पाकिटावरचा मजकूर असे वाचत होते जणू मृत्युपत्रच आहे.

"यात प्राणी आहे?"

"नाही. शिंपले आहेत."

"शिंपल्यात प्राणी असतो."

"होता. आता नाही."

"गेला कधी?"

"मला कसं माहीत असणार, साहेब? मी काही भेटायला गेले नव्हते."

"मग दाखला लागेल. प्राणी नाही याचा. प्राणी खात्याकडून."

प्राणी खातं दुसऱ्या इमारतीत होतं. तिथल्या बाईंनी सांगितलं की त्या फक्त असलेल्या प्राण्यांचे दाखले देतात. नसलेल्यांचे द्यायला लागलो तर दिवस पुरणार नाही. सूनबाई परत पहिल्या खिडकीशी आल्या. साहेब जेवायला गेले होते. त्यांच्या खुर्चीवर त्यांचं जाकीट होतं आणि जाकिटाला चमकणारी गोल बटणं होती. शिंपल्याची! सूनबाई त्या बटणांकडे अशा बघत राहिल्या की शिपायाने जाकीट उचलून कपाटात ठेवलं.

त्याची गरज नव्हती. सूनबाईंना घरचा डबा आठवला होता.

सासूबाईंचा बटणांचा डबा. फाटक्या शर्टाचं, विटलेल्या झग्याचं, उसवलेल्या कोटाचं एकही बटण त्या माउलीने कधी टाकलं नव्हतं. डबा ओतला तर निम्मा शिंपला निघाला. जुन्या काळची ती जाड बटणं, उजेडात फिरवली की आत गुलाबी-हिरवं काहीतरी हलायचं. सूनबाई अर्धा तास त्यांच्याकडे नुसत्या बघत बसल्या. मग केसासारखी बारीक करवत घेऊन त्यांनी ती कापायला सुरुवात केली.

पहिली बटणं फुटली. पुढची उडून फ्रीजखाली गेली. सरावासाठी त्यांनी ब्रेड कापायच्या फळीत एक चांदणी बसवली. ती दुसऱ्याच दिवशी ब्रेडबरोबर निघाली आणि नवऱ्याच्या दाढेखाली गेली. "मीठ जरा कडक आहे," तो म्हणाला. या घरातली माणसं अशी. शिंपला चावताना आवाज आतल्या खोलीपर्यंत जाईल, पण तक्रार ओठांबाहेर पडणार नाही.

ती कमतरता खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी भरून काढली. "दुपारभर दात कोरल्यासारखा आवाज येतो," असं म्हणत ते वर आले. तोंडाला फडकं बांधून, केसांत पांढरी पूड घेऊन सूनबाईंनी दार उघडलं तेव्हा ते एक पायरी मागे सरले.

"काय चाललंय काय?"

"शिंपले कापतेय."

"नियमावलीत शिंपले नाहीत," सेक्रेटरी विचारात पडले. "पाळीव प्राणी या कलमात बसतील का?"

"प्राणी गेलाय, साहेब. कधी गेला ते विचारू नका."

सेक्रेटरी आत आले ते आक्षेप घ्यायला. थोड्या वेळाने ते चिमट्यात बटण धरून बसले होते आणि "करवत सरळ ठेवा, हात नका दाबू," असं सांगत होते. काकूही आल्या. "अगं, फूल नको काढूस, फूल सगळेच काढतात. मोर काढ," त्या म्हणाल्या. मोराला पिसारा किती लागतो आणि त्याला बटणं किती लागतील याचा त्यांना अंदाज नसावा, कारण पुढे त्या म्हणाल्या, "दोन मोर काढ."

सूनबाईंनी तारा काढायचं ठरवलं. आठ टोकांचा, देखणा, बरोबर मधोमध, डागाच्या डोक्यावर. मध्य काढायला त्यांनी समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोरे ताणले, दोरे एकमेकांना मिळाले तिथे खूण केली आणि तारा आखला. मग मागे सरून पाहिलं.

काहीतरी बिनसलं होतं. एका बाजूला मोकळी जागा जास्त, दुसरीकडे कमी. त्यांनी पुसून पुन्हा आखला. मग पुन्हा. प्रत्येक वेळी तारा वेगळ्या तऱ्हेने चुके.

"छान आहे," नवरा ऑफिसची बॅग न काढताच म्हणाला. "जरा... एका कुशीवर झोपल्यासारखा वाटतो."

"म्हणजे?"

"म्हणजे निवांत."

निवांत तारा! सूनबाई न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या. हात त्यांचाच कच्चा होता, दुसरं काय? एका बाहीच्या स्वेटरचा हात. वाढदिवस तोंडावर आला होता, काचेचं टेबल येऊ घातलं होतं, आणि त्यांना साधा मध्य सापडत नव्हता. तोंड धुऊन त्या सरळ अण्णांच्या खोलीत गेल्या. घरात भूमितीचा मास्तर असताना लाजायचं कशाला?

"अण्णा, चौकोनाचा मध्य कसा काढायचा?"

अण्णांचा चेहरा उजळला. किती वर्षांनी कुणीतरी त्यांना हे विचारलं होतं. "सोपं आहे. कोणता चौकोन?"

"आपलं टेबल."

अण्णांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मग समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "त्यासाठी आधी चौकोन असावा लागतो." आणि लगेच घाईने, "हे आपलं सर्वसाधारण विधान आहे हं, सूनबाई." त्यांना जोराचा ठसका लागला. "पाणी... पाणी आण जरा."

सूनबाई पाणी आणायला धावल्या. टेबलावरच्या जगातून पेल्यात ओतताना घाई झाली आणि बरंचसं टेबलावर सांडलं. पाणी डागावर क्षणभर थांबलं. मग डागाच्या टोकाने वाट काढली आणि निघालं. आधी बारीक, मग एक वळण, मग लाकडाच्या रेषांशी सलगी करत दुसरं वळण, आणि थेट मानाच्या कोपऱ्याकडे. त्याला कुणी मध्य विचारला नव्हता, आणि ते एकदाही अडखळलं नाही.

सूनबाईंनी अण्णांना पाणी नेऊन दिलं. परत येऊन पुसायला फडकं उचललं. फडकं तसंच खाली ठेवलं आणि पेन्सिल उचलली.

सुताराने काय पाहिलं, ताट आत का जायला लागलं, सगळं त्यांना त्या पाण्यात दिसलं. कारण डाग नव्हताच. पण त्या बोलल्या नाहीत. शेवटी त्याही याच घरच्या.

मग मात्र आरंभशूर बाईंनी असं काम केलं की घराला धडकी भरली. डाग त्यांनी खरवडलाच नाही. तो डोह झाला, काळाभोर, खोल. डोहाच्या टोकापासून पाण्याच्या वाटेवर त्यांनी सुरीने बारीक चरे पाडले आणि तसबिरी टांगायची पितळी तार हातोडीने हलके हलके त्यांत ठोकून बसवली. आणि डोहातून बाहेर पडणारे मासे! बटण असं कापायचं की त्याचं एक भोक नेमकं माशाचा डोळा व्हावं. माशाएवढी खाच पटाशीने खोदायची, मासा बसवायचा, फट राहिली तर लाकडाचा भुसा सरसात कालवून भरायची. मग घासायचं, डोळे मिटून बोट फिरवलं तर मासा कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं ते कळू नये इतकं. घरात सगळीकडे पूड झाली, चहावर साय आल्यासारखी. सेक्रेटरींनी नोटीस लावली की दुपारच्या आवाजाबद्दल तक्रार करू नये. काकूंनी जाता-येता "मोर बरा होता" म्हणायचं सोडलं, ही तर त्याहून मोठी पावती.

वाढदिवसाला नणंद आणि जावईबापू आले. जावईबापू गडद निळ्या पँटीत. नणंद दारातूनच म्हणाली, "वहिनी, ते लोक दुपारी काच घेऊन येताहेत, तेवढं टेबल रिकामं..."

पुढचे शब्द तिला सापडले नाहीत. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. काळ्या डोहातून सोनेरी झरा निघाला होता, वळत वळत कोपऱ्याकडे चालला होता, आणि त्यातून मासे पोहत होते. पुढे आलं तर गुलाबी, मागे सरलं तर हिरवे. नणंदेने एका मोठ्या माशावर बोट ठेवलं.

"हे आईच्या कोटाचं बटण आहे."

"हो."

"पावसाळी कोट. मी तिच्या मांडीवर बसून हेच चोखायचे, ती ओरडायची." ती तशीच उभी राहिली. मग पर्स उघडून फोन काढला आणि गॅलरीत गेली. तिथून तिचा आवाज आला, "नको म्हणजे नको हो. काच मुळीच आणू नका. नाही, तुटली नाही. आमचं मन बदललंय, एवढं पुरे नाही का?"

नवरा टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून आला. "बायको," तो हळूच म्हणाला, "तो स्वेटर मी कपाटावरून काढून टाकतो." लग्नानंतर इतकं गोड तो क्वचितच बोलला होता. सूनबाईंनी मान ताठ केली. ती दिवसभर तशीच ठेवायचा त्यांचा बेत होता.

सगळे बसले. जावईबापू मानाच्या जागी. एकच खुर्ची मोकळी होती. अण्णा आपल्या खोलीच्या दारात, पडदा एका हाताने धरून उभे होते. त्यांनी मासे लांबून पाहिले. झऱ्याची वाट नजरेने डोहापासून शेवटपर्यंत नेली, आणि ती वाट संपते तिथे बराच वेळ ठेवली.

"काम नीट झालंय," ते म्हणाले. "माझं ताट आत द्या."

सूनबाईंची ताठ मान एकदम मऊ पडली. एवढं सगळं करून शेवटी स्टूलच?

"अण्णा, अहो या ना, आज तरी," म्हणत नणंद लगबगीने उठली, आणि तिची पर्स जगाला लागली.

जग आडवा झाला. पाणी डोहावर पसरलं, काठापर्यंत गेलं, टोकाने निघालं. पहिल्या वळणाला वळलं. दुसऱ्या वळणाला वळलं. पितळी रेघांच्या आतून, एकही रेघ न ओलांडता, एकेका माशाला ओलं करत ते असं गेलं की मासे खरंच हलले असं प्रत्येकाला वाटलं. कुणी जागचं हललं नाही, फडकं आणायचं कुणाला सुचलं नाही. झरा टेबलाच्या कडेशी आला, आणि जावईबापूंच्या मांडीवर पडला. ते शांत होते. त्यांना सवय होती.

त्यांनी मांडीवर रुमाल पसरला. "हवाच दमट आहे सध्या," नवरा म्हणाला. "हो ना," नणंद म्हणाली. सूनबाई ताटात बघू लागल्या.

अण्णांनी पडदा सोडला. सावकाश चालत टेबलाशी आले. मोकळ्या खुर्चीकडे गेलेच नाहीत. सरळ मानाच्या कोपऱ्याशी येऊन त्यांनी जावईबापूंच्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, उठा. ही जागा माझी आहे. टेबल वाकडं आहे, पहिल्या दिवसापासून वाकडं आहे, आणि ते मी केलंय. यापुढे भिजायचं तर मी भिजेन."